वॉलेसला मतदारांनी बिघडवलं नाही

अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. 1958 साली अलाबामा राज्यात जॉर्ज वॉलेस नावाचे एक उदारमतवादी न्यायाधीश गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. पांढऱ्या चादरींसारखे झगे घालून कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेचा पाठिंबा त्यांनी झिडकारला, कृष्णवर्णीयांची संघटना एनएएसीपी त्यांच्या मागे उभी राहिली, आणि म्हणून ते पडले. मग त्यांनी धडा घेतला, वंशद्वेषाची भाषा उचलली आणि 1962 साली निवडून आले. तात्पर्य असं की माणूस चांगला होता, लोकांनी त्याला बिघडवलं.

यातला पराभव खरा आहे. तात्पर्य खोटं आहे, आणि ते इतक्या सहज पुढे पाठवलं जातं याचा मला राग येतो.

आधी ‘उदारमतवादी’ हा शब्द घेऊ. आपल्या न्यायालयात वॉलेस कृष्णवर्णीय वकिलांशी आदराने वागत, हे खरं. 1948 च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून नागरी हक्कांच्या ठरावाच्या निषेधार्थ अलाबामाचे अनेक प्रतिनिधी उठून गेले तेव्हा ते बसून राहिले, हेही खरं. पण त्या ठरावाला त्यांचा तिथेही विरोधच होता. 1956 मध्ये, म्हणजे पराभवाच्या दोन वर्षं आधी, ज्युरीच्या याद्या तपासायला येणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकण्याची धमकी त्यांनी दिली होती. 1958 चा प्रचारही वंशविभाजन, म्हणजे गोरे आणि कृष्णवर्णीय यांना कायद्याने वेगळं ठेवणं, टिकवण्याच्या वचनावरच चालला. त्यांची भाषा सौम्य होती, एवढाच फरक.

पाठिंबा मागण्याची आणि नाकारण्याची हकिगत अधिक बोलकी आहे. प्रतिस्पर्धी जॉन पॅटरसन राज्याचे महाधिवक्ता होते. क्लॅनचा नेता रॉबर्ट शेल्टन याचा ‘आपला दोघांचा मित्र’ असा हवाला देऊन त्यांनी मतं मागणारी पत्रं पाठवली, आणि ती उघडकीस आली. वॉलेस सभांमध्ये एक पलंग घेऊन फिरू लागले. त्यावरची चादर उचलून विचारत, पॅटरसनच्या पांघरुणात कोण कोण लपलंय? क्लॅनची निंदा त्यांनी केली, त्याचं श्रेय त्यांना द्यावं. पण क्लॅनने आपला माणूस आधीच निवडला होता. न मिळणारा पाठिंबा नाकारायला फारसं काही मोजावं लागत नाही.

एनएएसीपीचं काय? पॅटरसन यांनीच न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवून 1956 मध्ये या संघटनेचं अलाबामातलं काम बंद पाडलं होतं, ते 1964 पर्यंत बंद राहिलं. संघटना राज्यभर वॉलेससाठी राबत होती असं चित्र त्यामुळे उभंच राहू शकत नाही. ज्या थोड्या कृष्णवर्णीयांना मत देता येत होतं, त्यांना दोघांपैकी वॉलेस बरे वाटले. समोर पॅटरसन असताना दुसरं काय वाटणार?

आता मुख्य मुद्दा: ‘लोकांनी’ शिकवलं. कोणत्या लोकांनी? अलाबामात दहातले तीन रहिवासी कृष्णवर्णीय होते, पण त्यांच्यातल्या प्रौढांपैकी शंभरात पंधराजणांचीही नावं मतदार यादीत नव्हती. साक्षरता चाचणी, मतदानासाठीचा कर, नोंदणी कचेरीतली अडवणूक, वर नोकरी जाण्याची भीती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी 3 जून 1958 ला झालेल्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीत वॉलेस सुमारे 65 हजार मतांनी हरले. हा कौल गाळून उरलेल्या मतदारांचा होता, आणि ती गाळणी वॉलेस यांनाही मान्य होती.

शिवाय त्या मतदारांनीही फक्त द्वेषाला मत दिलं असं नाही. पॅटरसन यांचे वडील आल्बर्ट महाधिवक्तापदाची उमेदवारी जिंकल्यावर जून 1954 मध्ये फेनिक्स सिटीत गोळ्या घालून मारले गेले. तिथल्या जुगार आणि गुन्हेगारी टोळ्यांशी त्यांनी वैर घेतलं होतं. वडिलांची जागा लढवणाऱ्या मुलाबद्दल राज्यभर सहानुभूती होती. त्याच 1954 मध्ये याच राज्याने जिम फॉल्सम यांना दुसऱ्यांदा गव्हर्नर केलं होतं. कृष्णवर्णीयांना दाबून ठेवलं तर बाकीचे गरीबही दाबलेलेच राहतील, असं 1949 च्या नाताळात रेडिओवरून सांगणारे हे फॉल्सम. नंतर शाळांमधलं विभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन निकाल आला आणि हवा बिघडली, हे मान्य. वॉलेस एके काळी फॉल्सम यांच्याच गोटात होते. हवा बिघडताच त्यांनी साथ सोडली, तेही 1958 च्या आधी.

पराभवानंतर ‘यापुढे वंशाच्या प्रश्नावर कुणी माझ्याहून कडवा ठरणार नाही’ अशा अर्थाचं, पण फार घाणेरड्या शब्दांतलं वाक्य त्यांनी उच्चारल्याचं सहकारी सांगत. वॉलेस ते नाकारत. वाक्य सोडा, कृती पाहा. ‘आज, उद्या आणि कायम वंशविभाजन’ असं बजावणारं 14 जानेवारी 1963 चं शपथविधीचं भाषण त्यांच्यासाठी लिहिलं एसा कार्टर याने, म्हणजे एका क्लॅन नेत्याने. त्याला मतदारांनी नेमलं नव्हतं.

आणि शेवटची पुस्ती जोडली जाते: त्यांनी माफी मागितली, 1982 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मतं मागितली, अनेकांनी ती दिलीही. दिली खरी, तो देणाऱ्यांचा मोठेपणा. पण मताचा हक्क कृष्णवर्णीयांच्या हाती आला 1965 च्या मतदान हक्क कायद्यामुळे. त्या कायद्यासाठी 7 मार्च 1965 रोजी सेल्मातून निघालेल्या मोर्चावर एडमंड पेटस पुलाजवळ लाठ्या आणि अश्रुधूर चालवला, तो गव्हर्नर वॉलेस यांच्या राज्य पोलिसांनी.