बसचा दोष की शटरचा?

नमस्कार. मागच्या लेखात मी एफपीजीएमधल्या (आतलं सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप) बदलत्या मॉड्यूलना, म्हणजे बाकीची चिप चालू असताना बदलता येणाऱ्या सर्किटच्या तुकड्यांना, आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यांची उपमा दिली होती: गाळेकरी बदलतो, शेजारचे सौदे चालूच राहतात. त्यावर तुमचं म्हणणं, उपमा गोंडस पण खोटी. मॉड्यूल बदलताना बस (चिपमधल्या भागांना जोडणारा तारांचा सामायिक मार्ग) अडकते आणि सगळी चिप गप्प होते. शिवाय नेटवर्क ऑन चिप (नॉक, म्हणजे चिपमध्येच राउटरमार्फत पॅकेट पाठवणारं जाळं) आल्यावर बसचं पुराण कशाला?

पहिला मुद्दा मान्य. माझीही चिप अडकली होती, ते लिहायचं मी टाळलं. एका छोट्या बोर्डावर दोन फिल्टर आलटून पालटून चढवत होतो. पार्शल बिटस्ट्रीम, म्हणजे फक्त तेवढाच भाग बदलणारी फाइल, साधारण ४०० केबीची. ती आत चढवणारं चिपमधलं पोर्ट, आयकॅप, ३२ बिट रुंद, १०० मेगाहर्ट्झवर सेकंदाला ४०० एमबी, म्हणजे काम १ मिलिसेकंदाचं. पण तेवढ्यात बसच्या क्लॉकचे १ लाख ठोके पडतात. फिल्टर बदलला आणि प्रोसेसर जो थांबला तो थांबलाच. प्रोब लावून पाहिलं तर वाचायची विनंती जुन्या फिल्टरने स्वीकारलेली आणि डेटा द्यायच्या आत तो पुसला गेलेला. नव्याला त्या विनंतीचा पत्ताच नाही. एएक्सआय या बसच्या नियमांत टाइमआउट नाही, त्यामुळे प्रोसेसर बसला वाट बघत. हळदीची पोती उतरवून घ्यायची आणि पट्टी हातात देण्याआधीच अडत्याने गाळा सोडायचा, तसलाच प्रकार.

चूक माझीच. आधी नव्या विनंत्या थांबवायच्या, आत गेलेल्यांची उत्तरं येऊ द्यायची आणि मग डीकपलरचं शटर ओढून मॉड्यूल बसपासून तोडायचं. हे शटर ओढलेलं नसेल तर बिटस्ट्रीम चढत असताना मॉड्यूलच्या आउटपुटवरचा कचरा थेट बसवर येतो. चढवून झालं की रीसेट, आणि त्यानंतरच शटर वर. मी रीसेट तेवढा दिला होता!

दुसरा मुद्दा मात्र पटला नाही. जुन्या व्हर्टेक्स एफपीजीए चिपांवर मॉड्यूलच्या हद्दीवरच्या तारा बस मॅक्रोने (आधीच बांधून ठेवलेल्या जोडणीने) एका जागी खिळवून ठेवत, सुरुवातीला ट्रायस्टेट बफरने (तार तोडता-जोडता येणाऱ्या घटकाने), पुढे एलयूटीने (एफपीजीएमधल्या लॉजिकच्या छोट्या तक्त्यांनी). आज डिझाइनचं सॉफ्टवेअर पार्टिशन पिनांनी (तारांनी हद्द ओलांडायच्या ठरलेल्या जागांनी) तेच करतं. आत कोणीही येवो, दार तिथेच. नॉक आला तरी मॉड्यूलला हे दार लागतंच. व्हर्साल या नव्या चिपांमध्ये नॉक सिलिकॉनमध्येच पक्का बसवलेला आहे, तिथे खुशाल वापरा. माझ्या बोर्डावर राउटर एलयूटीतूनच बांधावे लागतील, आणि तीन मॉड्यूलसाठी एवढी जागा घालवणं मला परवडत नाही.

डीकपलरची आकृती रविवारी लेखात टाकतो. तुमच्या नॉकमध्ये मॉड्यूल काढलेल्या जागेकडे आधीच निघालेल्या पॅकेटचं तुम्ही काय करता, तेवढं मात्र लिहा.