संख्याशास्त्राच्या सरांना श्रद्धांजली कशी वाहावी

गेल्या आठवड्यात आमच्या गणित विभागात संख्याशास्त्राच्या सरांची शोकसभा झाली. मी शेवटपर्यंत बसले, आणि तेव्हापासून डोकं असं तडकलंय की म्हटलं, एवढं सगळं ऐकून घेतलंय तर निदान चार लोकांच्या उपयोगी पडू दे. कारण तुमच्याही विभागात असे एक सर असतातच. कॉरिडॉरच्या टोकाची खोली, पाटीवरचं नाव अर्धं पुसलेलं, समोरचा टेबल दुसऱ्यांच्या थिसिसनी भरलेला. तेही कधीतरी जाणारच आहेत, तेव्हा तयारी असलेली बरी.

तर सर्वात आधी त्यांना 'आकड्यांचा जादूगार' म्हणा. म्हणावंच लागतं. आयुष्यभर हा माणूस कानीकपाळी ओरडत होता की आकड्यात जादू वगैरे काही नसते, आकडा आला कुठून, मोजला कुणी आणि मोजायचं कोण राहून गेलं ते आधी विचारा, तरीपण जादूगारच म्हणा. 'आकड्यांशी लीलया खेळणारे' पण चालेल. आमच्याकडे एकाच वक्त्याने दोन्ही म्हटलं.

'मी फार वेळ घेणार नाही' अशी सुरुवात करा. पुढचं तुम्हाला येतंच.

फोटो ग्रुप फोटोतून कापून घ्या. शेजारच्याचा खांदा राहिला तरी हरकत नाही.

आठवणी गोळा करायला माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवा. ज्यांना सर आवडायचे ते भरतील, ज्यांना सरांनी इन्फरन्सच्या (म्हणजे थोड्यांना मोजून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढायच्या) पेपरात गारद केलं होतं ते ग्रुप म्यूट करून बसलेत, त्यांची काळजी करू नका. मग जे काय आलंय त्याचा थ्री-डी पाय चार्ट करा आणि स्क्रीनवर लावून सांगा की बघा, जवळजवळ सगळ्यांनीच सरांना सर्वोत्तम शिक्षक म्हटलंय. याच सरांचं दरवर्षीचं पहिलं लेक्चर लिटररी डायजेस्ट या अमेरिकन साप्ताहिकावर असायचं. १९३६ ची अमेरिकेतली निवडणूक, त्या साप्ताहिकाने मत विचारायला जवळपास एक कोटी कार्डं पाठवली, तेवीस लाखांच्या वर परत आली, आणि त्यांनी छातीठोक सांगितलं की रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेला. कार्डं पाठवली होती फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या यादीवरून, आणि परत आली ती ज्यांना पाठवावीशी वाटली त्यांचीच. सर हे सांगून झालं की वर्गाकडे बघत नुसतेच उभे राहायचे. पण ते लेक्चर सकाळी पहिल्या तासाला असायचं, तुम्ही कशाला असाल तिथे!

'सर तसे मूळचे गणितातलेच' हे वाक्य विसरू नका. सूर कौतुकाचा ठेवा, म्हणजे माणूस चांगल्या घरातला होता, पुढे वाट चुकला, असा. सर जिवंत असताना मीटिंगमध्ये तुम्ही त्यांना 'ते स्टॅटवाले' म्हणायचात, आणि 'ते काही खरं मॅथ्स नाही' हे तर तुम्ही त्यांच्यासमोर चहा पीत म्हणायचात. रशियन गणिती कोलमोगोरोव्हने १९३३ सालीच प्रोबॅबिलिटीचा सगळा पाया मेजर थिअरीवर, म्हणजे लांबी-क्षेत्रफळासारखी मापं कशी ठरवायची त्या शुद्ध गणितावर, बांधून दाखवला, जी मेजर थिअरी तुम्ही स्वतः एमएस्सीला शिकवता, पण ते असो. सर वर्गात सांगायचे ती एक गोष्ट मात्र मला खरंच सांगावीशी वाटते, सभेत कुणी सांगितली नाही म्हणून. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव तरुणपणी कोलकात्याला शिकवत होते, वर्गात इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशरचा एक निकाल चालला होता, मोठ्या सॅम्पलसाठीचा, म्हणजे मोजलेला नमुना मोठा असेल तेव्हाचा. एका विद्यार्थ्याने विचारलं, छोट्या सॅम्पलसाठी असं काही नाहीये का? राव घरी गेले, बसले, आणि उत्तर घेऊनच परत वर्गात आले. १९४५ च्या पेपरात ते छापून आलं, आज त्याला जगभर क्रामर-राव असमानता म्हणतात, अंदाज जास्तीत जास्त किती नेमका असू शकतो याची ती मर्यादा. प्रश्न विचारणारा विद्यार्थी कोण, तर वि. म. दांडेकर, हो तेच अर्थतज्ज्ञ, पुढे नीलकंठ रथांबरोबर १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर लिहिणारे. सर ही गोष्ट सांगून म्हणायचे, 'विचारा रे काहीतरी, मलापण घरी जाऊन काम करू द्या.' शेजारच्या वर्गात त्याच वेळी कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला 'सिलॅबसमध्ये नाहीये' असं उत्तर मिळत असायचं.

आता मुख्य मुद्दा, सरांच्या मदतीच्या आठवणी. या भरपूर सांगा. 'मी सरांकडे डेटा घेऊन गेलो आणि सरांनी एका मिनिटात सोडवून दिलं' हा किस्सा आमच्याकडे वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांनी थोड्याफार फरकाने सांगितला, आणि प्रत्येक वेळी लोक हसले. मी त्या खोलीत बसून पीएचडी केली आहे त्यामुळे ते एक मिनिट कसं असायचं ते मला माहितीये. आधी दारात कुणीतरी उभं राहणार, पेनड्राइव्ह हातात, 'सर जरा पाच मिनिटं'. सर विचारणार, प्रश्न काय आहे? उत्तर यायचं, 'सर डेटा आहे.' अहो डेटा आहे ते दिसतंय, विचारायचंय काय तुम्हाला? 'सर गाईड म्हणाले टी-टेस्ट लावून आणा.' म्हणजे दोन सरासरींतला फरक नुसता योगायोग आहे का ते तपासायची चाचणी. मग कळायचं की आधीच्या मोजणीतली माणसं वेगळी आणि नंतरच्या मोजणीतली वेगळी, अर्ध्या फॉर्मवर वयच नाही, रिकाम्या जागी कुणीतरी शून्य भरून ठेवलेत आणि त्या शून्यांसकट सरासरी काढून झालेली आहे. आणि हे सगळं संपल्यावर, डेटा गोळा करून वर्ष उलटून गेल्यावर, सबमिशनला चार दिवस असताना तो अमर प्रश्न, 'सर, सॅम्पल साइज किती घ्यायला हवा होता हे थिसिसमध्ये कसं लिहू?' फिशरने हे १९३८ साली, भारतातल्याच पहिल्या संख्याशास्त्र परिषदेत अध्यक्ष म्हणून सांगून ठेवलंय की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे येणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला बोलावणं, फार तर तो सांगेल प्रयोग कशाने मेला. तुम्हाला तेवढंही ऐकायचं नसायचं. तुम्हाला प्रेत उठून चालायला हवं असायचं. आणि सर बसायचे हो! जेवण तसंच, स्वतःचा पेपर तसाच, त्या शून्यांमधून एकेक खरं शून्य आणि खोटं शून्य वेगळं करत बसायचे, आणि शेवटी सांगायचे की बाबा रे, यात काही निघत नाहीये, ०.०६ येतंय, तसंच लिही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. की लगेच चेहरा पडायचा. 'सर ते ०.०५ च्या खाली नाही का आणता येणार?' हा आकडा म्हणजे पी-व्हॅल्यू, खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता; तो ०.०५ च्या खाली आला की निकाल 'सिग्निफिकंट' म्हणायची रूढी. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रीतसर निवेदन काढलं की नुसता पी-व्हॅल्यू एखादी रेघ ओलांडतोय का यावर निष्कर्ष ठरवू नका. सरांनी ते छापून दाराला चिकटवलं होतं. दार ढकलायला तुम्ही हात नेमका त्यावरच ठेवायचात.

मग ते नाही म्हणाले की तुम्ही बाहेर जाऊन म्हणायचात, 'सर जरा रिजिड आहेत.' परवा त्याचंच 'तत्त्वनिष्ठ' झालं.

थिसिसच्या आभारात सरांचं नाव चुकीचं छापलं असेल तर सभेत तो विषय टाळा. पेपरात सहलेखक म्हणून घातलंच नव्हतं तर अजिबातच काढू नका.

शेवटी दोन मिनिटं मौन. आमच्याकडे त्यातही कुणाचातरी फोन वाजला.

झालं. आता सरळच बोलते, कारण मला हे आणखी ओढवत नाही. तुम्ही त्या माणसाला विभागात कधी माणूस म्हणून धरलंच नाही. पहिल्या वर्षाचे बायोलॉजीचे, कॉमर्सचे, जिथून तिथून आलेले सगळे सर्व्हिस कोर्स त्यांच्या गळ्यात, ते तपासायचे गठ्ठे त्यांच्या गळ्यात, वर प्रमोशनच्या वेळी विचारायचं की तुमचं स्वतःचं संशोधन कमी का! कमी कारण तुमचं करत होते ते. निवृत्त झाल्यावर खोली महिन्याच्या आत रिकामी करून घेतलीत, तिथे आता तुटक्या खुर्च्या ठेवल्यात, आणि तीस वर्षं जमवलेल्या त्यांच्या हातच्या नोट्स कुठे गेल्या हे विचारलं तर एकमेकांकडे बघता. सभेला हार आणायला पैसे निघाले, त्यांची जागा भरायला मात्र निधी नाही. इन्फरन्सचा कोर्स पुढच्या सेमिस्टरला टोपॉलॉजीवाल्या सरांना दिलाय म्हणे, 'पुस्तकात सगळं असतंच.' नसतं. पुस्तकात फॉर्म्युले असतात, ते सर दहा मिनिटांत संपवायचे, उरलेला सगळा तास ते पोरांना हा डेटा आणला कुणी, कसा आणला, यात कोण नाहीये, हेच विचारत फिरायचे. ते आता कोण विचारणार? तुम्ही? तुम्हाला तर अजूनही ०.०६ चं ०.०४ करून हवंय.