पोटनिवडणूक हरली की सरकार गेलं? आधी पालघरचे आकडे मांडा

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘लोकसभेची पोटनिवडणूक म्हणजे सेमीफायनल. सत्ताधारी हरले की बहुमत जातं, पुढची निवडणूकही जाते. जिंकले तर जनता पाठीशी आहे.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत.

‘बहुमत जातं.’ 2014 ला भाजपचे 282 खासदार होते, बहुमताला 272 लागतात. रतलाम, गुरदासपूर, अलवर, अजमेर, गोरखपूर, फुलपूर, कैराना, भंडारा-गोंदिया या जागा पोटनिवडणुकांत गेल्या, तरी 20 जुलै 2018 चा अविश्वास ठराव 126 विरुद्ध 325 मतांनी पडला. शिवसेना मतदानाला आलीच नाही, तरीही. सरकारचं भवितव्य सभागृहातल्या मोजणीवर ठरतं आणि तिथे मित्रपक्षही मोजले जातात.

‘पुढची निवडणूक जाते.’ वरच्या आठही जागा भाजपने 2019 ला परत जिंकल्या.

‘जिंकले तर जनता पाठीशी.’ इथे पालघर नीट बघायला हवं. तिथले भाजप खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर मे 2018 मध्ये पोटनिवडणूक झाली. भाजपचे राजेंद्र गावित यांना 2,72,782 मतं, शिवसेनेचे श्रीनिवास वनगा यांना 2,43,210, बहुजन विकास आघाडीचे (बविआ) बळीराम जाधव यांना 2,22,838. भाजप 29,572 मतांनी जिंकला, पण 2014 ला त्याच जागेवर त्याला 5,33,201 मतं होती. मतं निम्मी झाली म्हणून ‘लोक चिडले’ म्हणणारेही तितकेच चुकतात. 2014 ला सेना-भाजप एकत्र होते. 2018 ची दोघांची मतं मिळवा: 5,15,992. जुना गठ्ठा जवळपास तेवढाच राहिला, फक्त दोन जागी वाटला गेला. 2019 ला युती झाली, जागा सेनेकडे गेली आणि तेच गावित धनुष्यबाणावर 5,80,479 मतं घेऊन निवडून आले. युती तुटली की काय होतं, एवढंच त्या निकालातून कळलं. आमच्या मते त्याहून मोठा अर्थ काढायला त्यात आधार नाही.

निकाल वाचायचा तर फॉर्म 20, म्हणजे अंतिम निकालाचा तक्ता, उघडा, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा, वसई अशा सहा विधानसभा क्षेत्रांच्या बेरजा वेगळ्या करा, कारण वसई-नालासोपाऱ्यात बविआचं बळ आणि डहाणू-विक्रमगडमध्ये माकपचं, हे एकूण बेरजेत दिसत नाही. मग मागच्या वेळी कोण कोणाबरोबर होतं ते पाहून मतं जोडा. एकूण मतदानही सोबत ठेवा: पोटनिवडणुकीत ते बहुधा घसरतं, म्हणून नुसतं मताधिक्य मागच्याशी ताडून काहीच हाती लागत नाही.