स्की जंपिंगची भीती वाटावी, पण उंचीची नाही

स्की जंपिंगच्या, म्हणजे पायांना स्की बांधून बर्फाच्या उंच घसरपट्टीवरून झेपावण्याच्या खेळाच्या, क्लिपखाली हा मजकूर हमखास फिरतो: "उंच मनोऱ्यावरून जिवावर उदार होऊन उडी मारायची, हवेत काहीच हातात नसतं, खाली धड पोचलो तर नशीब." धोका खराच आहे, पण दाखवलाय भलतीकडे.

मनोऱ्यावरून उडी? घसरपट्टीचं शेवटचं टोक वर उचललेलं नसतं, सुमारे 11 अंशांनी खाली झुकलेलं असतं. पुढचा डोंगरउतार उड्डाणाच्या वाटेला धरूनच घडवलेला असतो, त्यामुळे जंपर जमिनीपासून मोजक्या मीटरवर राहतो. हिशेब करा: उतरताना वेग ताशी 100 किमी, वाट आणि उतार यांच्यात 6 अंशांचा कोन. आदळणं तेव्हा साधारण 43 सेंटीमीटरवरून, म्हणजे खुर्चीवरून उडी मारल्याएवढंच. कोन 18 अंश झाला की तेच पावणेचार मीटर! उतार खाली सपाट होत जातो, म्हणून खरी धास्ती फार लांब गेलेल्या उडीची. तिथे गुडघे जातात. उड्या लांबायला लागल्या की ज्युरी सुरुवातीचा गेट, म्हणजे जंपर निघतो ती जागा, घसरपट्टीवर खाली आणते, म्हणजे वेगच कमी.

"हवेत काहीच हातात नसतं" हे तर साफ खोटं. घसरपट्टीच्या टोकाला, म्हणजे फळीवर, पाय ताणून झेपावायला सुमारे 0.3 सेकंद मिळतो. पुढे अंग स्कींवर जवळजवळ आडवं, स्कींची टोकं फाकवून 'व्ही', आणि घोट्याच्या जराशा हालचालीने स्कीचा कोन बदलता येतो. बिघडतं तेही इथेच. एका स्कीखालची हवा निसटली की ती बाजू खचते. टोकांवर वरून वारा बसला की माणूस तोंडावर कोलांटतो. 2021 मध्ये स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला नॉर्वेच्या डॅनियल-आंद्रे टांडेचा तोल फळी सोडताच गेला: हासळीचं हाड मोडलं, फुफ्फुसाला छिद्र पडलं. वाऱ्यासाठी गुण कमी-जास्त करतात ते न्यायासाठी. जीव वाचवतो तो लाल दिवा: वारा धोक्याचा असेल तर जंपरला सुटूच न देणारा.

"बेबंद वेडेपणा" म्हणणाऱ्यांनी नियम वाचावेत. स्की खेळाडूच्या उंचीच्या 145 टक्क्यांहून लांब चालत नाही, आणि वजन उंचीच्या मानाने कमी असेल तर ती आणखी आखूड करावी लागते, नाहीतर हलकं होण्यासाठी खेळाडू उपाशी राहतील.

राहिली युगोस्लाव्ह जंपर विंको बोगाताजच्या अपघाताची 1970 ची, जर्मनीतल्या ओबरस्टडॉर्फमधली क्लिप, जी पुरावा म्हणून सगळीकडे चिकटवतात. त्याचा तोल घसरपट्टीवरच, वेग जास्त वाटून थांबायच्या धडपडीत गेला होता. डोक्याला सौम्य मार लागला, एवढंच.