पपईच्या कॅप्सूल घेऊन केमो सोडू नका

तालमीच्या ग्रुपवरून फिरत तो मेसेज मंगळवार पेठेतल्या आमच्या काकूंपर्यंत पोचला आणि त्यांनी केमोच्या गोळ्या बंद केल्या. म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: 'गाठीजवळ एन्झाइमचं जेल ठेवलं की औषध फक्त तिथंच चालू होतं, बाकी अंगाला काही त्रास नाही. कंपन्या हे दाबून ठेवतात. तेच एन्झाइम पपईत आहे. ह्या कॅप्सूल घ्या, केमो सोडा.'

आधी पपईचं बघू, कारण जिवावर बेतणारं तेच आहे. एन्झाइम म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं. जेलच्या प्रयोगांतली एन्झाइम वेगळी. त्यातलं सायटोसिन डीअमिनेज बुरशीवरच्या एका औषधाचं कॅन्सरच्या औषधात रूपांतर करतं. पपेनला ते येतच नाही. आणि गिळलेलं एन्झाइम गाठीपर्यंत पोचणार कसं? शेवटी ते प्रथिनच, पोटातलं आम्ल आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्याची वाट लावतात. रक्ताच्या कॅन्सरवरचं अ‍ॅस्पॅराजिनेज खरोखरचं एन्झाइम आहे, पण तेही इंजेक्शननंच देतात!

जेलची कल्पना खोटी नाही, एवढं मान्य. जेलच्या जाळीत अडकवलेलं एन्झाइम लवकर बिघडत नाही. त्याला तोडणारी शरीरातली मोठी एन्झाइम आत शिरू शकत नाहीत, औषधाचा बारका रेणू मात्र आत जातो आणि बदलून बाहेर येतो. पण म्हणून माणूस बरा होतो असं नाही. हेच सायटोसिन डीअमिनेज, जेलमधून नव्हे तर विषाणूमार्फत, मेंदूच्या गाठीत पोचवून ४०३ रुग्णांवर चाचणी झाली. निकाल २०२० साली 'जामा ऑन्कॉलॉजी' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला: नवा उपचार घेणाऱ्यांतले निम्मे ११.१ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीचा घेणाऱ्यांतले निम्मे १२.२ महिन्यांहून जास्त. फायदा झाला नाही. आणि अपयशसुद्धा छापून आलंय, मग दाबलं कुणी?

राहिलं 'त्रास नाही'. काकूंची गोळी कॅपेसिटाबिन. तिचं शेवटचं रूपांतर थायमिडीन फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम करतं आणि ते बऱ्याच गाठींत जास्त असतं. म्हणजे बऱ्याच अंशी गाठीत चालू होणारं औषधच त्या घेत होत्या. तरी तळहात लाल झाले, बोटांची सालं निघाली, भाकरी थापता येईना. हा त्रास खराच आहे. पण तो डॉक्टरांना माहीत असतो. हात दाखवले की ते गोळी काही दिवस थांबवतात, डोस कमी करतात. काकू, उद्याच दवाखान्यात जाऊया.