लाल झाडाच्या शेजारचं हिरवं झाड

महाराष्ट्रात झाडांवरून वाद पेटला की दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, एकही झाड तोडू देणार नाही. दुसरी म्हणते, तोडलं तर काय बिघडलं, दहापट लावू. मी मूळचा चंद्रपूरचा, आता कॅनडात एडमंटनला राहतो. इथलं जंगल जवळून पाहिल्यापासून मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

इथल्या जंगलाला खाणारा माउंटन पाइन बीटल हा भुंगेरा जेमतेम ५ मिलिमीटरचा. भर उन्हाळ्यात तो लॉजपोल पाइन या इथल्या उंच, सरळ वाढणाऱ्या पाइनच्या सालीत शिरतो. झाड राळ सोडून त्याला बाहेर काढू पाहतं, तेव्हा खोडभर लाह्यांसारखे राळेचे गोळे फुटलेले दिसतात आणि बुंध्याशी बारीक भुसा साचतो. पण भुंगेरे विशिष्ट गंध सोडून आणखी भुंगेऱ्यांना बोलावतात. त्यांच्याबरोबर आलेली बुरशी लाकूड निळं करून टाकते, झाडाचं अन्नपाणी तुटतं. ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही साथ सुरू झाली आणि प्रांतातला विक्रीयोग्य लॉजपोल पाइन निम्म्याहून अधिक मेला.

हिवाळे सौम्य झाले हे एक कारण. उणे ४० अंशांची थंडी काही दिवस टिकली तर सालीखालच्या अळ्या मरतात, ती थंडी पडेनाशी झाली. दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. अनेक दशकं प्रत्येक वणवा विझवल्यामुळे जुन्या, जवळजवळ एकाच वयाच्या पाइनची जंगलं दूरवर पसरली होती, आणि या किड्याला तेच हवं असतं. झाडं वाचवण्याच्या प्रामाणिक प्रयत्नातून हे घडलं.

२००६ मध्ये वाऱ्याबरोबर भुंगेऱ्यांचे प्रचंड थवे रॉकी पर्वत ओलांडून शेजारच्या अल्बर्टात, म्हणजे आमच्या एडमंटनच्या प्रांतात आले. पोखरलेलं झाड वर्षभर हिरवंच दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात ते लाल होतं आणि तोवर बहुतेक भुंगेरे त्यातून उडूनही जातात. म्हणून इथले लोक हेलिकॉप्टरमधून लाल झाडं टिपतात, मग जमिनीवरून जाऊन त्यांच्या आसपासची किडलेली हिरवी झाडं हुडकतात आणि हिवाळ्यात तेवढीच तोडून जाळतात. दिसायला धडधाकट झाड पाडायचं, तेही शेजारची वाचावीत म्हणून! इथली साथ ओसरली, पण अर्थात सगळं श्रेय या कामाला देता येणार नाही. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीनंही किडा बराच मारला.

हे सगळं आपल्यापासून दूरचं नाही. १९९० च्या दशकात आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या मंडला भागात सालवृक्षांच्या जंगलात खोडकिड्याची मोठी साथ आली होती. वनखात्यानं गावकऱ्यांना भुंगेरे पकडून आणायला पैसे दिले आणि किती झाडं तोडायची यावरून मोठा वाद झाला. आमच्या विदर्भातल्या एकसुरी सागवान लागवडीत अळ्या पानांची जाळी करून टाकतात. साग सहसा मरत नाही, पण त्याची वाढ खुंटते. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा चर्चा झाली ती आकड्याची आणि किती रोपं जगली याची. कोणत्या जाती, किती मिसळून, कुठे, हे फार थोड्यांनी विचारलं.

हेलिकॉप्टर आपल्याला परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. गडचिरोलीत लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल गावानं मिळून वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क मिळाला, त्यानंतर अनेक ग्रामसभांना मिळाला. ही माणसं तेंदू, मोह, बांबूसाठी वर्षभर जंगलात वावरतात, कुठलं झाड आजारी आहे हे त्यांना सर्वांत आधी कळतं. वनखात्यानं दरवर्षीच्या कीड-पाहणीचं काम रीतसर मजुरी देऊन या ग्रामसभांकडे सोपवावं, त्या नोंदी मराठीत जाहीर कराव्यात आणि एखादं झाड तोडायचंच असेल तर त्या नोंदी समोर ठेवून ग्रामसभेत ठरवावं.