सोटो गेला म्हणून यांकीज बुडाले नाहीत, बुडाले ते जुन्याच भोकातून

डिसेंबर 2024 मध्ये बेसबॉलमधला तगडा फलंदाज हुआन सोटो न्यू यॉर्कचा यांकीज संघ सोडून त्याच शहरातल्या मेट्समध्ये गेला, त्या रात्री आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर मेट्सवाल्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. यांकीजवाले सुतकात. 15 वर्षं, 76.5 कोटी डॉलर! यांकीजनंही हात आखडता घेतला नव्हता म्हणा. बातम्यांनुसार त्यांची शेवटची ऑफर 16 वर्षांसाठी 76 कोटींची होती. म्हणजे पैशात फार फरक नव्हता, तरी पोरगा गेला. घरच्यांना सामने बघायला स्टेडियममधला फुकट सुइट मेट्सनं दिला आणि यांकीजनं नाकारला, असंही छापून आलं. खरंखोटं त्या दोघांना ठाऊक, पण आमच्याकडे त्यावर आठवडाभर चर्चा रंगली.

मी तेव्हा ग्रुपवर लिहिलं होतं की हे बरंच झालं. त्यावर शिव्या खाल्ल्या. 2025चा अख्खा मोसम बघून झाल्यावरही मी त्याच मतावर आहे, फक्त त्याला एक शेपूट जोडायचंय. त्या हिवाळ्यात यांकीजचा संघ सुधारला. पण 2024ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, ते ज्या कारणानं हरले, त्या कारणाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

क्रिकेटवाल्या मित्रांसाठी थोडं थांबतो. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. खेळाडूची मेजर लीगमधली सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट होतो, मग त्याचा एजंट दारोदार फिरून भाव वाढवतो. पगाराला वरची मर्यादा नाही. ठरलेल्या रकमेच्या पुढे गेलात तर दंडासारखा कर भरा, एवढंच. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानं बंद असतात तेव्हा मालक, मॅनेजर आणि एजंट यांचा खेळ रंगात असतो, आणि कोण जिंकलं याचा निकाल आपण चाहते घरबसल्या लावून टाकतो. निकष काय? सगळ्यात महागडं नाव कोणी घेतलं. बस्स.

आता सोटो गेल्यावर यांकीजनं त्या पैशांचं काय केलं ते बघा. डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा, आपला गोलंदाज) मॅक्स फ्रीड, 8 वर्षं, 21.8 कोटी. शिकागो कब्जकडून कोडी बेलिंजर, बदल्यात जवळजवळ काहीच नाही. फर्स्ट बेसवर पॉल गोल्डश्मिट, एका वर्षासाठी 1.25 कोटी, म्हणजे या बाजारात चिल्लर. मिलवॉकीकडून क्लोजर, म्हणजे शेवटी उतरून सामना संपवणारा पिचर, डेव्हिन विल्यम्स. एका हिऱ्याच्या जागी चार दागिने, असं आमचा एक मित्र म्हणाला. त्यातला एक बेन्टेक्सचा निघाला, त्याच्याकडे येतोच.

फ्रीडनं 19 सामने जिंकले, 5 हरले, नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी 2.86 (पिचरची ही जितकी कमी तितकी चांगली). हे नुसतं चांगलं नव्हतं, संघ त्यावर तरला. कारण मार्चमध्येच पहिला पिचर गेरिट कोलच्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं. दुसरा पिचर लुइस गिल ऑगस्टपर्यंत बाहेर. क्लार्क श्मिटचा कोपरही जुलैत गेला. सोटोला ठेवून फ्रीड घेतला नसता तर पहिला पिचर म्हणून कोणाला पाठवलं असतं, हे मला कोणी सांगावं. बेलिंजरनं 29 होम रन (आपल्या षटकारासारखे) मारले आणि आउटफिल्डमध्ये धावून धावून चेंडू पकडले, जे सोटोकडून कधीच होणार नव्हतं. सोटो बॅट हातात असेल तर देव आहे. राइट फील्डमध्ये उभा केला की पाय जमिनीवर येतात.

आणि ट्रेंट ग्रिशम! यांकीजनं 2023च्या डिसेंबरात सॅन डिएगोकडून सोटो घेतला तेव्हा पाच खेळाडू दिले, त्यात मायकेल किंगसारखा पिचर होता. सोटोबरोबर भाजीवरच्या कोथिंबिरीसारखा हा ग्रिशम आला. 2024 मध्ये तो बहुतेक बाकावर बसला, बॅटिंगची सरासरी .190, होम रन 9. लोक विसरूनही गेले होते. 2025 मध्ये त्याच माणसानं 34 होम रन मारले. हे श्रेय जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमनला द्यायचं की नशिबाला? मी अर्धं अर्धं देतो.

आता आकडे. सोटो असताना 2024 मध्ये यांकीज 94 जिंकले, 68 हरले. सोटो नसताना 2025 मध्ये 94 जिंकले, 68 हरले. हो, तंतोतंत. रन मात्र 815 वरून 849 वर गेले, 30 संघांत सगळ्यात जास्त. होम रन 237 वरून 274. अॅरन जज .331च्या सरासरीनं खेळला आणि त्यानं 53 मारले हे खरं, पण जज 2024 मध्येही तसाच खेळत होता. फरक त्याच्या मागच्यापुढच्या माणसांत पडला. आधी दोघं मारायचे आणि सात जण बघायचे. आता खालच्या फळीतल्या पोरांनाही समोरचा पिचर घाबरायला लागला.

मेट्सचं काय झालं? 2024 मध्ये 89 विजय. सोटो आल्यावर 83. ‘बघा, सोटो फुकट गेला’ असं म्हणणाऱ्या यांकीजवाल्यांना मी आधी गप्प करतो, कारण ते साफ चूक आहे. त्यानं 43 होम रन मारले, 38 बेस चोरले, 127 वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) मिळवले. अजून काय करायचं बिचाऱ्यानं? 12 जूनला मेट्स 45-24 होते, सगळ्या लीगमध्ये अव्वल. त्याच दिवशी त्यांचा पिचर कोदाई सेंगाचा पाय दुखावला आणि पिचिंगचा पत्त्यांचा बंगला कोसळला. पुढचे सामने 38-55. शेवटच्या दिवशी मायामीकडून हरले, विजयांत सिनसिनाटीशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरवर बाद फेरीबाहेर. मालक स्टीव्ह कोहेनच्या तिजोरीला तळ नाही, तरी त्या हिवाळ्यात पिचर म्हणून फ्रँकी मोंटास आला, शॉन मनाया परत आला, आणि यांकीजनं सोडलेला क्लोजर क्ले होम्स आल्यावर त्याला सुरुवातीचा पिचर बनवलं. होम्सनं निभावलं. बाकी दोघांचं वर्ष दुखापतींनी खाल्लं. म्हणजे त्यांच्या घरात दिवाणखान्याला झुंबर लागलं आणि पावसाळ्यात छत गळायला लागलं.

मग यांकीजचं कौतुक करून थांबू का? नाही.

30 ऑक्टोबर 2024, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, यांकी स्टेडियम. यांकीज 5-0 पुढे. पाचव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या टॉमी एडमननं मारलेला साधा, शाळकरी पोरानं घ्यावा असा झेल जजनं सोडला. मग शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) अँथनी वोल्पीनं तिसऱ्या बेसकडे आपटी फेक केली. तिन्ही बेसवर डॉजर्सची माणसं, एकही बाद नाही. कोलनं दोघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, त्यातला एक डॉजर्सचा तारा ओतानी. सुटलो म्हणेपर्यंत मुकी बेट्सचा चेंडू फर्स्ट बेसकडे गेला, रिझोनं तो अडवला आणि बघतो तर बेसवर फेक घ्यायला आमचं कोणीच नाही. कोल पिचिंगच्या जागेवरून धावलाच नाही. पाच रन, सगळे फुकटचे. डॉजर्स 7-6 नं जिंकले आणि सिरीज संपली.

आता मला सांगा, या इनिंगमध्ये कोणाची बॅट कमी पडली? आणि त्यावर उतारा म्हणून हिवाळ्यात काय केलं? वोल्पी शॉर्टस्टॉपला तसाच. ग्लेबर टोरेस डेट्रॉइटला गेला, म्हणून जॅझ चिझम तिसऱ्या बेसवरून दुसऱ्यावर आला आणि तिसरा बेस ओस पडला. तिथे कायमचा माणूसच घेतला नाही. ‘घरातली पोरं सांभाळतील’ असा हिशोब. सांभाळणाऱ्या ओस्वाल्दो काब्रेराचा घोटा मे महिन्यात मोडला, आणि जुलैच्या शेवटी कोलोराडोकडून रायन मॅकमॅहन आणायला लागला. वोल्पीच्या 19 चुका झाल्या. त्याचा खांदा मे पासून दुखावलेला होता हे नंतर कळलं, त्यामुळे मी त्याला फार बोलत नाही. ज्यांनी त्याच्यामागे दुसरा माणूस ठेवला नाही त्यांना बोलतो.

बुलपेनचंही, म्हणजे नंतर उतरणाऱ्या पिचरांचंही, तेच. विल्यम्सचं नाव एवढं मोठं की त्याच्या येण्याबरोबर यांकीजनं दाढीवरची जवळपास पन्नास वर्षांची बंदी उठवली. (माझ्या सासऱ्यांना या अख्ख्या खेळातली एवढीच बातमी कळली आणि आवडलीही.) दाढी राहिली, क्लोजरची जागा एप्रिलमध्येच गेली. वर्षअखेर सरासरी 4.79. मग जुलैत डेव्हिड बेडनार आणि कमिलो डोव्हल आणा. डिसेंबरात सोडलेलं काम जुलैत करायला गेलं की तरण्या पोरांच्या रूपात दाम मोजावा लागतो, तो मोजला.

2025च्या ऑक्टोबरात, म्हणजे बाद फेरीत, काय दिसलं? बॉस्टनविरुद्ध पहिल्या सामन्यात फ्रीडनं एकही रन दिला नाही, तो उतरला आणि बुलपेननं सामना घालवला. ती सिरीज वाचवली कॅम श्लिटलर नावाच्या नवख्या पोरानं. 8 इनिंग, 12 स्ट्राइकआउट, शून्य वॉक. हा काही कोणी हिवाळ्यात विकत आणला नव्हता, तो घरचाच. पुढे टोरंटोनं 10-1, 13-7 असं धुतलं. त्या दुसऱ्या सामन्यात फ्रीडनंही सात रन दिले. तिसरा सामना जजच्या, सीमेवरच्या फाउल पोलवर (खांबावर) आदळलेल्या होम रननं वाचला, चौथा गेला.

आणि हे टोरंटो कोण? 2024 मध्ये 74 जिंकून आमच्या डिव्हिजनमध्ये (गटात) तळाला होते. सोटोच्या मागे तेही होते आणि त्यांनाही तो मिळाला नाही. 9.25 कोटी देऊन आणलेला अँथनी सँटँडर बहुतेक वर्ष दुखापतीत गेला. कागदावर त्यांचा हिवाळा फसलेलाच म्हणा. तरी 2025 मध्ये 94 विजय, आमच्याएवढेच, आणि आपसातल्या सामन्यांत वरचढ म्हणून डिव्हिजन त्यांची. सेकंड बेसला त्यांनी आंद्रेस हिमेनेझसारखा फील्डर क्लीव्हलँडकडून आणला, तेव्हा त्याच्या बॅटवरून आम्हीच हसलो होतो. सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी स्ट्राइकआउट होणारा संघ तो. चेंडू खेळात ठेवायचा आणि समोरच्याला फील्डिंग करायला लावायची. समोर यांकीज असले की हा बेत कसा चालतो, ते आता सांगायला नको.

म्हणून कोणी विचारलं की सोटो गेल्यावर यांकीजची संधी वाढली का, तर माझं उत्तर: एप्रिल ते सप्टेंबर, हो, निश्चित. ऑक्टोबरात, होती तेवढीच. मेट्सवाल्यांनी खाली कमेंटमध्ये येऊन भांडावं, पण 76.5 कोटींचा आकडा न काढता.